सारांतिसचा गहू

"मग तुमच्या योर्तीत असं आहे तरी काय, गेरोंदा?"

पाखोमिओस कांदा चिरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"गहू," ते म्हणाले. "बोकडाचं मांस. कांदा. पाणी."

"तेवढं मलाही ठाऊक आहे."

"मग झालं तर."

विचारणारा अनेस्तिस. अथेन्समध्ये त्याची दोन मोठी हॉटेलं होती. पाहुण्यांना टेबलासाठी थांबावं लागे, आणि थांबायची त्यांची तयारी असे. जन्म मात्र याच बेटावरचा, याच डोंगराखालच्या गावातला.

पाखोमिओस डोंगरावरच्या मठातले म्हातारे साधू. वडीलधाऱ्या साधूला तिकडे गेरोंदा म्हणतात. मठ एवढासा, चार खोल्या आणि एक चर्च. पण ऑगस्टमधल्या मरियामातेच्या सणाला सगळं गाव तिथे चढून येई आणि मठाच्या अंगणात जेवे.

जेवण एकच. योर्ती. कांडून साल काढलेला गहू आणि मांस मोठ्या हंड्यांत घालून दोन्ही एकजीव होईपर्यंत ढवळायचं. योर्ती म्हणजे सण. त्या बेटावर सणाला आणि त्या पदार्थाला शब्द एकच.

त्या वसंतात अनेस्तिसची आई गेली होती. यंदाची योर्ती तिच्या नावानं मी स्वतः करीन, असं त्यानं मठाला कळवलं होतं. आदल्या दिवशी दुपारी तो बोकड आणि दोन पोती गहू घेऊन वर आला.

"हा गहू बघा," तो म्हणाला. त्यानं पोत्यात हात घालून मूठभर वर काढला. "पांढरा, टपोरा. दाण्यासारखा दाणा."

पाखोमिओसांनी चार दाणे तळहातावर घेतले.

"छान आहे. सकाळी ओत काठवटीत."

"काठवटीत? सगळ्यांच्या गव्हात?"

"मग कुठे?"

योर्तीचा गहू घरोघरचा असे. सणाच्या सकाळी प्रत्येक घरातून एक वाडगा यायचा. कुणाचा यंदाचा, कुणाचा दोन वर्षं पडून राहिलेला. मठाच्या अंगणात एक जुनी लाकडी काठवट होती, दोन माणसं आत झोपतील एवढी. सगळे वाडगे तिच्यात रिकामे होत.

"गेरोंदा, असा मिसळलेला गहू सारखा शिजत नाही. एक दाणा मेण होतो, दुसरा दाताखाली येतो."

"हो."

"मग तुम्ही काय करता?"

"जास्त वेळ ढवळतो."

अनेस्तिस हसला. आपल्या हाताखालच्या कुणी असं उत्तर दिलं असतं तर त्यानं काय केलं असतं, ते त्याच्या हसण्यात होतं.

पाखोमिओसांनी कांद्याची परात त्याच्याकडे सरकवली.

"डोळे चुरचुरतात माझे. उरलेला तू चीर."

त्यानं चिरला. फार सुरेख चिरला.

*

सकाळी बायका वाडगे घेऊन वर आल्या. पंधरवड्याचा उपास आज सुटणार होता. मांस आदल्या संध्याकाळीच शिजवून ठेवलं होतं. आता गहू धुवायचा, हंड्यांखाली पुन्हा जाळ करायचा आणि गहू सोडायचा, एवढंच उरलं होतं.

अनेस्तिस काठवटीपाशी उभा होता. पांढरा अंगरखा, बाह्या दुमडलेल्या. एकेक वाडगा रिकामा होत होता. त्याचीही दोन पोती आत गेली. इतक्या गव्हात त्याचे दाणे लांबूनही ओळखू येत होते.

सगळ्यांत शेवटी पाखोमिओस फाटकाकडे गेले. फाटकाशेजारच्या भिंतीवर कुणीतरी एक निळी कापडी पिशवी ठेवून गेलं होतं. ती त्यांनी उचलली, हळूहळू चालत परत आले, आणि काठवटीत उलटी केली.

"ही कुणाची?" अनेस्तिसनं विचारलं.

"सारांतिसची."

बायका बोलत होत्या, त्या थांबल्या.

सारांतिसचं नाव अनेस्तिससमोर कुणी घेत नसे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात सारांतिस आणि अनेस्तिसचा धाकटा भाऊ फोतिस एकाच होडीतून मासेमारीला गेले होते. वारं फिरलं. होडी परत आली ती सारांतिस एकट्याला घेऊन.

त्यानं गावाला सांगितलं ते असं. होडीच्या इंजिनाच्या पंख्यात दोर अडकला. फोतिस म्हणाला, मी उतरून सोडवतो. मी नको म्हणालो, दोनदा नको म्हणालो. त्यानं ऐकलं नाही. उतरला, दोर सोडवला, आणि लाटेनं त्याला बाजूला नेलं. मी अंधार पडेपर्यंत शोधत होतो.

चाळिसाव्या दिवशी मठात फोतिससाठी प्रार्थना झाली. अशा वेळी उकडलेला गोड गहू सगळ्यांच्या हातावर ठेवतात. गेलेल्याच्या नावानं तो खायचा. सारांतिसही आला होता. त्याच्या हातावर गहू ठेवला गेला तेव्हा अनेस्तिस पुढे झाला. त्यानं त्याच्या ओंजळीतला गहू काढून घेतला.

"तू खोटं बोलतोस," तो म्हणाला. "तू त्याला टाकून आलास."

सगळं गाव उभं होतं. सारांतिसनं रिकामे हात तसेच पुढे धरले होते, ते थोड्या वेळानं खाली घेतले. मग तो डोंगर उतरून गेला.

त्यानंतर तो मठात कधी आला नाही. फक्त दर सणाला, लोक यायच्या आधी, भिंतीवर पिशवी ठेवून जात असे. अनेस्तिसला हे माहीत नव्हतं. तो अथेन्समध्ये असे.

"तुम्ही त्याचा गहू घेता?"

"घेतो."

"दर वर्षी?"

"तो दर वर्षी आणतो."

अनेस्तिसचा आवाज चढला नाही. त्याला आवाज चढवायची सवयच नव्हती. त्याच्या भटारखान्यात तो हळू बोलला की माणसं जास्त घाबरत.

"गेरोंदा, ही योर्ती माझ्या आईच्या नावाची आहे. तिच्या मुलाला ज्यानं बुडवलं त्याचा गहू या योर्तीत जाणार नाही."

"गेला की आता."

"मग काढा."



पाखोमिओस आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक ताट होतं. ते त्यांनी काठवटीच्या कडेला ठेवलं, शेजारी एक बुटकं स्टूल ठेवलं, आणि जाळ करायला बसलेल्या माणसांकडे वळले.

"लाकडं पेटवू नका अजून. अनेस्तिसला थोडं काम आहे."

"किती वेळ थांबायचं?" कुणीतरी विचारलं.

"त्याचं होईपर्यंत."

*

अनेस्तिस उभाच होता. लोक त्याच्याकडे बघत होते. आता मागे सरणं म्हणजे हसू करून घेणं. तो स्टुलावर बसला.

त्यानं खरोखरच निवडायला सुरुवात केली.

सारांतिसचा गहू त्यानं ओतताना पाहिला होता. बारीक, जरा काळपट. नजर तयार होती, बोटं चपळ होती. तो एकेक काळपट दाणा उचलून ताटात टाकू लागला.

चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली. काही लोक आत गेले. बाकीचे भिंतीच्या सावलीला बसले. कुणी तक्रार केली नाही. म्हाताऱ्यांनी टोप्या काढून गुडघ्यांवर ठेवल्या. एका बाईनं तान्ह्या मुलाला पाजायला घेतलं.

ताटाच्या मध्यावर छोटीशी रास झाली. काठवटीकडे बघितलं तर एक दाणाही कमी झाल्यासारखा वाटत नव्हता.

थिया मारिगो येऊन त्याच्याशेजारी खाली बसली. थिया म्हणजे मावशी. ती त्याच्या आईची चुलत बहीण, काळ्या कपड्यांतली, पाठीत वाकलेली. तिनं ताट जवळ ओढलं आणि बराच वेळ पाहिलं. मग त्यातला एक दाणा उचलला.

"हा माझा."

"नाही, थिया. तो त्याचा आहे. काळपट आहे बघ."

"माझाही काळपटच असतो, बाळा. वरच्या अंगाला पाणी कमी. तिथला गहू असाच होतो." तिनं दाणा परत ताटात ठेवला. "तुझ्या आईचाही असाच व्हायचा."

अनेस्तिसचा हात काठवटीवर तसाच राहिला.

"असू दे," थिया म्हणाली. "माझाही काढ."

ती उठली नाही. तिथेच बसून राहिली.

त्यानं आणखी काही दाणे उचलले. मग एक उचलला आणि हातातच धरला. तो ताटात टाकावा की काठवटीत, हे त्याला ठरवता येईना.

ऊन भिंतीवरून अंगणात उतरलं.

"गेरोंदा."

पाखोमिओस जवळच एका हंड्याला टेकून बसले होते.

"हं."

"हे होणार नाही."

"नाही होणार?"

"सगळे सारखे दिसतात. कुणाचा कुठला ते कळत नाही."

"खरं आहे…" पाखोमिओस म्हणाले. ते उठून काठवटीपाशी आले आणि वाकून पाहू लागले. "पण ते पांढरे टपोरे कुणाचे?"

"ते माझे."

"ओळखू येतात की."

"हो. ते वेगळेच आहेत."

"मग तुझे काढ."

अनेस्तिसनं वर पाहिलं.

"त्याचा आणि तुझा गहू एका हंड्यात नको आहे ना तुला?" पाखोमिओस साधेपणानं म्हणाले. "मग तुझे काढले तरी चालेल. आम्ही थांबतो."

भिंतीपाशी बसलेल्यांपैकी कुणी हललं नाही. आत चर्चमधलं स्तोत्र तेवढं ऐकू येत होतं.

अनेस्तिसनं काठवटीत पाहिलं. आपले दाणे त्याला सगळीकडे दिसत होते. निवडायला घेतले असते तर संध्याकाळपर्यंत बरेचसे निघाले असते. मग ती दोन पोती परत बांधून, या सगळ्यांच्या समोरून, तो डोंगर उतरला असता…

त्यानं ताट उचललं. थोडा वेळ दोन्ही हातांत धरलं. मग काठवटीत पालथं केलं.

"लाकडं पेटवा," तो म्हणाला.

थिया मारिगोनं उठण्यासाठी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उठून झाल्यावरही तो तिनं लगेच काढला नाही.

*

उशीर झाला होता, आणि उशीर भरून काढायचा तर अनेस्तिससारखा माणूस नाही. त्यानं माणसं वाटून दिली. धुणारे, जाळ बघणारे, ढवळणारे. हंड्यात गहू पडला. वल्ह्याएवढे लांब लाकडी दांडे घेऊन दोन दोन माणसं एकेका हंड्याशी उभी राहिली.

मधल्या हंड्याशी तो स्वतः.

योर्ती ढवळणं हे कष्टाचं काम. पहिल्यांदा दांडा पाण्यात फिरतो तसा फिरतो. मग गहू फुलतो, मांस सुटतं, आणि प्रत्येक फेऱ्यासरशी जड होत जातं. दांडा बुडाला टेकवून ओढायचा, आणि थांबायचं नाही. थांबलं की खाली लागतं.

घामानं त्याचा अंगरखा पाठीला चिकटला. समोर दांडा धरलेला म्हातारा याकुमिस मध्येच म्हणाला, "फोतिसला हे काम फार आवडायचं. हातातला दांडा द्यायचा नाही कुणाला."

"हो," अनेस्तिस म्हणाला.

"गाणी म्हणायचा. भयंकर आवाज होता त्याचा."

"हो…"

त्या अंगणातून खाली बंदर दिसतं. अनेस्तिसनं तिकडे पाहिलं. सणाचा दिवस, सगळ्या होड्या काठाला होत्या. त्यांतली एक हिरवी. तिचा रंग बदलला असता तरी त्यानं ती ओळखली असती. याच होडीत फोतिस बसला होता, आणि निघताना धक्क्यावरच्या कुणाकडे तरी बघून त्यानं हात हलवला असेल. तो नेहमीच हलवायचा.

"अनेस्तिस," याकुमिस म्हणाला. "दांडा."

त्यानं दचकून दांडा ओढला. केवढा वेळ थांबला होता, त्याला कळलं नाही. बुडाशी काहीतरी चिकटल्यासारखं वाटलं. वाफेत एक बारीकसा वास आला आणि गेला.

धूर असेल, त्यानं मनाशी म्हटलं. लाकडाचा धूर.

तो पुन्हा ढवळू लागला, आधीपेक्षा जोरात.

*

दुपार कलती झाली तेव्हा गावच्या पाद्रींनी हंड्यांवर आशीर्वाद म्हटला आणि पानं वाढली गेली. लांब फळ्यांच्या मेजांवर गाव जेवायला बसलं. पंधरा दिवस तोंडाला मांस नव्हतं, आणि आज सकाळपासून पोट रिकामं. पहिला काही वेळ फक्त चमच्यांचा आवाज होता.

मग माणसं एकेक करून अनेस्तिसपाशी येऊ लागली.

"वा. हात आहे तुझा."

"अशी योर्ती खाल्लीच नव्हती कधी."

"आई असती तर…"

तो मान लववत होता. त्यानंही चाखली होती. गहू मऊ झाला होता, मांस विरघळलं होतं. पहिल्या घासाला सगळं जिथल्या तिथे होतं. गिळताना अगदी शेवटी काहीतरी जिभेवर राहत होतं. धूर, त्यानं पुन्हा स्वतःला सांगितलं.

पाखोमिओस मेजाच्या टोकाला बसून जेवत होते. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"कशी झालीय, गेरोंदा?"

"गरम आहे," पाखोमिओस म्हणाले, आणि जेवत राहिले.

जेवणं उरकल्यावर अजून एक काम असे. जी माणसं डोंगर चढू शकली नाहीत त्यांच्यासाठी थाळ्या भरायच्या. अंथरुणाला खिळलेले, नुकत्या बाळंत झालेल्या, फार म्हातारे. पाखोमिओस स्वतः थाळ्या भरत, वर फडकं बांधत, आणि ज्या त्या घराच्या शेजाऱ्याच्या हाती देत.

थाळ्या गेल्या. शेवटी एक राहिली.

"ही कुणाची?" अनेस्तिसनं विचारलं, आणि विचारताक्षणीच त्याला कळलं.

"ही मी नेतो दर वर्षी," पाखोमिओस म्हणाले. त्यांनी झग्यावरून गुडघा चोळला. "यंदा उतार उतरायचा नाही हा गुडघा."

"तुम्ही मुद्दाम करताय."

"गुडघ्याला सांग तसं."

गुडघा खरोखरच सुजलेला होता. अनेस्तिसनं तो सकाळीच पाहिला होता.

"याकुमिस नेईल," तो म्हणाला.

"नेईल. सांग त्याला."

अनेस्तिसनं मेजांकडे पाहिलं. याकुमिस सावलीत हातावर डोकं ठेवून झोपला होता. दुसरीकडे व्हायोलिनवाला तारा जुळवत होता. मुली नाचासाठी अंगण झाडत होत्या. हाक मारली असती तर कुणीही उठलं असतं.

त्यानं हाक मारली नाही. तो थाळीकडे बघत राहिला.

"निवतेय ती," पाखोमिओस म्हणाले.

*

सारांतिसचं घर बंदराच्या टोकाला होतं. दार उघडंच होतं. तो बाहेर पायरीवर बसून जाळ्याची एक फाटकी बाजू शिवत होता. केस पांढरे झाले होते. अनेस्तिसच्या मनातला सारांतिस अजून काळ्या केसांचाच होता.

पावलं वाजली तसं सारांतिसनं वर न बघताच म्हटलं, "सावकाश या, गेरोंदा. दगड ओले आहेत."

मग त्यानं वर पाहिलं.



लहानपणी हे तिघं, सारांतिस, अनेस्तिस आणि फोतिस, याच दगडांवरून पाण्यात उड्या मारत. शाळेला दांडी मारून मारत.

"गेरोंदांना बरं आहे ना?" सारांतिसनं विचारलं.

"गुडघा दुखतोय."

"हं. मागच्या वर्षीही दुखत होता."

अनेस्तिसनं थाळी पायरीवर ठेवली. ठेवून निघायचं, असं तो सगळा उतार मनाशी म्हणत आला होता. फडक्याची गाठ घट्ट बसली होती. सारांतिसच्या हाताला जाळ्याचा दोर गुंडाळलेला होता. म्हणून गाठ अनेस्तिसनं सोडली.

सारांतिसनं दोर बाजूला ठेवला. हात धुऊन आला. आतून चमचा आणला, आणि एक खुर्चीही आणली. ती त्यानं अनेस्तिसजवळ ठेवली, पण बस म्हणाला नाही.

अनेस्तिस थोडा वेळ उभा राहिला. मग बसला.

सारांतिसनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि पहिला घास घेतला. सावकाश चावला. घराखाली पाणी दगडांवर आपटत होतं.

स्वयंपाक करणाऱ्याला काही सवयी सुटत नाहीत. समोर कुणी आपल्या हातचं खात असलं की विचारल्याशिवाय राहवत नाही, मग तो माणूस कुणीही असो.

"कशी झालीय?" अनेस्तिसनं विचारलं.

सारांतिसनं घास गिळला. थोडा विचार केला.

"खाली लागलीय," तो म्हणाला. "थोडीशी."

अनेस्तिसचे कान तापले.

"वर सगळे छान झालीय म्हणाले. सगळं गाव म्हणालं."

सारांतिसनं वाद घातला नाही, शब्द मागेही घेतला नाही. त्यानं दुसरा घास घेतला, मग तिसरा. थाळी संपेपर्यंत तो खात राहिला. कडेचे दाणेही बोटानं गोळा करून खाल्ले.

अनेस्तिस त्याचे हात बघत होता. त्या हातांवर आता म्हातारपणाचे डाग होते. ते हात एकदा रिकामे, पुढे धरलेले, त्यानं पाहिले होते. त्यानंच रिकामे केले होते.

"त्या दिवशी…" तो म्हणाला.

सारांतिसनं चमचा खाली ठेवला.

"त्या दिवशी होडीत…" अनेस्तिसला पुढचं बोलता येईना.

"त्या दिवशीचं मी सांगितलं होतं," सारांतिस म्हणाला. "तेव्हाच. जसं झालं तसं."

"हो."

"त्याहून वेगळं माझ्यापाशी काही नाही."

"हो," अनेस्तिस म्हणाला. "सांगितलं होतंस."

वरून, डोंगरावरून, व्हायोलिनचे सूर येत होते, वाऱ्यानं मध्येच तुटत. सारांतिसनं थाळी आत नेऊन धुतली, पुसली, फडक्यात बांधली आणि त्याच्या हातात दिली. देताना त्यांची बोटं एकमेकांना लागली. दोघांनीही ती लगेच मागे घेतली नाहीत.

"दगड ओले आहेत," सारांतिस पुन्हा म्हणाला.

*

अनेस्तिस वर पोचला तेव्हा सूर्य समुद्राला टेकत होता. अंगणात नाच रंगात आला होता. माणसं एकमेकांचे खांदे धरून गोल फिरत होती. कुणीतरी त्याला हात केला. त्यानं नंतर येतो अशी खूण केली.

पाखोमिओस आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात.

अनेस्तिस त्यांच्याशेजारी खाली जमिनीवर बसला. पांढऱ्या अंगरख्याला माती लागली. त्यानं ती झटकली नाही.

बराच वेळ दोघं नाच बघत राहिले.

"खाल्लं त्यानं?"

"सगळं खाल्लं."

"हं."

"गेरोंदा… मधल्या हंड्यातली योर्ती खाली लागली होती का?"

पाखोमिओसांनी पाण्यात पाय हलवले.

"कोण म्हणालं?"

"सारांतिस."

"मग लागली असणार," पाखोमिओस म्हणाले.